जुनी जीप आणि नवा उजेड

दिवा हा तो धरणाऱ्यापुरताच कधीं नसतो. वाटेवरचा कंदील धरणाऱ्याला जितका मार्ग दाखवितो, तितकीच समोरून येणाऱ्याला धरणाऱ्याची वर्दी देतो. ही गोष्ट इतकी साधी आहे कीं तिचा मुद्दाम उच्चार करण्याचें कारण पडूं नये. तथापि आपल्या शहरांत सायंकाळनंतर पायीं किंवा सायकलवरून जाणाऱ्या कोणाही मनुष्यास विचारावें, म्हणजे ती आपण विसरत चाललों आहोंत असें तो सांगेल. या विसराचा एक लहानसा, पण बोधप्रद प्रकार आम्हांला आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. तो म्हणजे जुन्या लष्करी जीपगाड्यांना नवे व प्रखर दिवे बसविण्याचा.

शाळेच्या वार्षिकांत मोटारीच्या दिव्यांची चर्चा कशाला, असा प्रश्न कित्येक पालकांच्या मनांत उभा राहील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या शहराला स्वतःची छावणी आहे आणि जेथें उत्सवांच्या मिरवणुकींत उघडी जीप हें मानाचें वाहन समजलें जातें, तेथील तरुणांस या गाडीचा मोह पडावा यांत नवल नाहीं. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना तिचीं चित्रें जमविण्याचा नाद असतो, आणि कोणाच्या तरी काकांच्या किंवा मामांच्या अंगणांत अशी एखादी गाडी उभी असते. शिवाय संध्याकाळची शिकवणी आटोपून सायकलवर घरीं परतणारीं मुलें त्याच रस्त्यानें येतात, ज्या रस्त्यानें हे दिवे येतात. तेव्हां हा प्रश्न शौकिनांचा जितका आहे तितकाच आमच्या वाचकांचाही आहे.

अशा गाड्या बाळगणाऱ्यांत या बाबतींत दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष म्हणतो, "जुनें तें सोनें. गाडी ज्या स्थितींत सैन्यांतून बाहेर पडली त्याच स्थितींत ती राहिली पाहिजे; तिचा एक स्क्रू बदलणें म्हणजे इतिहास पुसणें होय." दुसरा पक्ष म्हणतो, "गाडी आमची, पैसा आमचा, आणि उजेड बाजारांत विकत मिळतो. मग आम्हीं अंधारांत कां चाचपडावें?" दोहोंच्याही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. परंतु दोहोंनींही एका तिसऱ्याचा विचार केलेला नाहीं. तो तिसरा म्हणजे समोरून येणारा मनुष्य. त्याच्या डोळ्यांची बाजू मांडणें हाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या वाहनाची थोडीशी ओळख करून घेऊं. जुलै १९४० मध्यें अमेरिकन सैन्यानें हलक्या आणि चारही चाकांना गति मिळणाऱ्या टेहळणीच्या गाडीची मागणी कारखानदारांपुढें ठेवली. बँटम नांवाच्या एका लहान कारखान्यानें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पहिला नमुना तयार केला. आणि पुढें १९४१ ते १९४५ या काळांत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. महायुद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत उरलेल्या कित्येक गाड्या लिलावांत विकल्या जाऊन खासगी मालकांच्या हातीं आल्या.

महाराष्ट्राशीं तर या गाडीचें नातें याहूनही जवळचें आहे. महिंद्रा अँड महंमद ही कंपनी १९४५ सालीं स्थापन झाली, आणि १९४८ सालीं तिचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा असें झालें. याच कंपनीनें १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें विलीज जीपची जुळणी सुरू केली. सुटे भाग बोटीनें येत आणि गाडी येथें उभी राहत असे. पुढें हीच गाडी क्रमाक्रमानें येथेंच बनूं लागली. सैन्यांत, पोलिसांत, जंगलखात्यांत आणि शेताच्या बांधावर ती सारख्याच सहजतेनें वावरूं लागली. म्हणून जुनी जीप जपणें हा आमच्या मतें केवळ धनिकांचा छंद नव्हे. देशांतील यंत्रविद्येच्या बाल्यावस्थेची ती एक चालतीबोलती आठवण आहे.

आतां तिच्या दिव्यांकडे पाहूं. युद्धकाळांतील विलीज जीपची विद्युद्योजना ६ व्होल्टांची होती. पुढचे दोन हेडलाइट 'सील्ड बीम' जातीचे होते. म्हणजे तंतु, आरसा आणि कांच हीं तिन्ही एकाच बंद भांड्यांत पक्कीं बसविलेलीं. तंतु जळाला कीं सबंध दिवाच बदलावयाचा. या रचनेंत आरशाला धूळ व ओल लागत नसे, हा तिचा मोठा गुण. दुसरी एक गंमत अशी कीं, हे हेडलाइट बिजागरीवर बसविलेले होते. हातानें फिरवितां येणारा एक नट सैल केला कीं दिवा उलटा वळून आपल्याच इंजिनावर उजेड पाडी. रात्रीं रानांत गाडी बंद पडली तर शिपायानें दुसरा कंदील कोठून आणावा, हा विचार करून कोणा कुशल कारागिराने ही युक्ति योजिली होती. 'दिव्याखालीं अंधार' ही आपली म्हण या एका गाडीनें तरी खोटी पाडली होती!

परंतु या गाडीचे खरे युद्धकालीन दिवे निराळेच होते. पुढच्या जाळींत हेडलाइटच्या खालीं दोन बारीक दिवे असत, आणि पुष्कळ गाड्यांच्या डाव्या मडगार्डावर टोपी घातलेला एक मंद दिवा असे. विमानांतील शत्रूला गाड्यांची रांग दिसूं नये म्हणून रात्रीं केवळ यांच्याच उजेडांत चालावयाचें. मागच्या दिव्यांची रचना तर फारच विचारपूर्वक केलेली होती. मागून येणाऱ्या चालकास ते लांबून एकच ठिपका भासत. योग्य अंतरावर आला कीं दोन दिसत. आणि फारच जवळ आला कीं चार दिसत. म्हणजे अंधारांत, शत्रूच्या भीतींत आणि मरणाच्या छायेंतही, मागून येणाऱ्याला आपलें अंतर कळावें याची काळजी त्या दिव्यांनीं घेतली होती. ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी, कारण आमच्या सर्व म्हणण्याचें बीज तिच्यांत आहे.

आतां पहिल्या पक्षाचा विचार करूं. जुन्या वस्तूला जुनेपणानेंच राहूं द्यावें हें त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. मात्र ती वस्तु उभी असेल तर. येथून जवळच अहिल्यानगर येथें फेब्रुवारी १९९४ मध्यें रणगाड्यांचें संग्रहालय स्थापन झालें. ज्या विद्यार्थ्यांनीं तें पाहिलें असेल त्यांना आठवेल कीं, देशोदेशींचे रणगाडे व चिलखती गाड्या तेथें स्वस्थ उभ्या आहेत. त्यांच्या दिव्यांनीं कोणाला मार्ग दाखवावयाचा नाहीं. त्यांनीं केवळ इतिहास दाखवावयाचा आहे. तेथें एकही दिवा बदलणें हा अपराधच ठरेल. पण जी गाडी आजही रस्त्यावर येते, वळते, थांबते, आणि रात्रीच्या वेळीं माणसांमधून वाट काढते, तिला संग्रहालयाचा नियम लावतां येत नाहीं.

मंद दिव्यांनीं रस्त्यावर काय अनर्थ होतो याचा दाखला इतिहासांतच आहे. सप्टेंबर १९३९ मध्यें इंग्लंडांत युद्धामुळें दिवे झांकण्याचा हुकूम झाला. त्या पहिल्याच महिन्यांत तेथील रस्त्यांवरील अपघाती मृत्यु आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या मानानें जवळजवळ दुप्पट झाले. युद्धांतील दिव्याचा धर्म लपणें हा होता. शहरांतील दिव्याचा धर्म पाहणें आणि दिसणें हा आहे. एका धर्माचा दिवा दुसऱ्या क्षेत्रांत चालवावयाचा तर त्यांत कांहीं फेरफार करणें प्राप्तच आहे.

हा प्रश्न आपल्या शहरांत कोठें प्रत्यक्ष दिसतो असें विचाराल, तर आम्ही क्रांति चौकाकडे बोट दाखवूं. १८५७ सालीं या शहरांत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळांतील शिपायांनीं इंग्रजांविरुद्ध उठाव केला, आणि पकडल्या गेलेल्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. त्या स्मृतीशीं या चौकाचें नांव निगडित आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें येथें छत्रपति शिवाजी महाराजांच्या नव्या, भव्य अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण झालें. जालना रस्त्यावर महावीर चौकाकडून येणारी आणि मोंढा नाक्याकडून येणारी वाहतूक येथें भेटते. कांहीं वाहनें उड्डाणपुलावरून जातात, कांहीं पुलाखालून वळतात. आणि त्यांच्यामधून रिक्षा, दुचाक्या, हातगाड्या, सायकलस्वार व रस्ता ओलांडणारीं म्हातारीं माणसें आपापली वाट शोधीत असतात.

अशा ठिकाणीं दिव्याचा झोत कोठें पडतो याला फार महत्त्व आहे. सपाट रस्त्यावर ठीक बसविलेला दिवाही पुलाचा चढ लागतांच वर पाहूं लागतो, कारण गाडीचें नाकच वर उचललेलें असतें. त्यांत जीप ही मुळांत उंच गाडी. मागच्या बाकावर चार मित्र बसले कीं तिचें मागचें अंग दबतें आणि पुढचे दिवे आणखी वर होतात. मग जो उजेड डांबरावर पडावयाचा, तो समोरच्या सायकलस्वाराच्या मुखावर पडतो. मालकास वाटतें, आपला उजेड फार लांबवर जातो. पण तो लांबवर जात नसून दुसऱ्याच्या डोळ्यांत जात असतो.

आणि डोळा हें किती नाजूक यंत्र आहे! अंधारांत त्याची बाहुली विस्फारलेली असते. अशा वेळीं प्रखर झोत पडला कीं ती आकुंचन पावते. झोत निघून गेल्यावरही पूर्ववत दिसावयास कांहीं क्षण लागतात. हे क्षण थोडे वाटतात, पण त्यांचा हिशेब करून पाहा. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें ११ मीटर जातें. तीन सेकंद डोळे दिपले तर चालक ३३ मीटर आंधळ्यासारखा गाडी हांकतो. त्या ३३ मीटरांत कोण असेल याचा नेम नाहीं. वृद्धांची स्थिति याहून कठीण. साठीच्या मनुष्याच्या डोळ्यांत आंतील पडद्यापर्यंत पोंचणारा प्रकाश विशींतल्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांश असतो, आणि मोतीबिंदु होऊं लागला असेल तर समोरचा झोत भिंगांत विखुरून सगळें दृश्य पांढुरकें होतें. म्हणजे आजोबांना अंधारांत कमी दिसतें, आणि अति उजेडांत त्याहूनही कमी दिसतें.

म्हणून दुसऱ्या पक्षाला आमचें सांगणें आहे कीं, अति तेथें माती. जीपच्या कपाळावर लांबलचक एलईडी पट्ट्या जोडणें, किंवा जुन्या आरशाच्या भांड्यांत बाजारी एलईडी बल्ब खुपसणें, याला आम्ही सुधारणा म्हणत नाहीं. एलईडी ही वस्तु वाईट नाहीं. तिच्यासाठींच आखलेल्या भिंगाच्या व आरशाच्या संपूर्ण दिव्यांत ती उत्तम काम करते. परंतु जुना आरसा एका विशिष्ट जागीं असलेल्या तंतूसाठीं घडविलेला असतो. प्रकाशाचें उगमस्थान त्या जागेवरून किंचित् सरकलें किंवा त्याचा आकार बदलला, तर परावर्तनाचा नियम आपलें काम करतोच, पण किरण भलत्याच दिशेला जातात. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं अंतर्वक्र आरशासमोर मेणबत्ती पुढेंमागें सरकवून हें स्वतः पाहावें. पुस्तकांतील आकृतीपेक्षां तें अधिक चांगलें समजेल.

मग मध्यम मार्ग कोणता? आमच्या मतें त्याची पहिली पायरी नवा दिवा विकत घेणें ही नसून जुन्या दिव्याला त्याचें पुरतें अन्न मिळतें कीं नाहीं हें पाहणें ही आहे. ६ व्होल्टांच्या गाडींत ४५ वॅटांचे दोन दिवे लावले तर १५ अँपिअर प्रवाह लागतो. समजा, जुन्या वायरा, गंजलेले सांधे आणि सैल अर्थिंग यांचा मिळून रोध केवळ ०.०४ ओहम आहे. तरी वाटेंत ०.६ व्होल्ट, म्हणजे एकंदर दाबाचा दहावा हिस्सा, खर्च होतो. आणि तंतूच्या दिव्याचा स्वभाव असा आहे कीं, दाब दहा टक्के घटला तर उजेड सुमारें तीस टक्के घटतो. कित्येक गाड्यांचे दिवे 'मंद' आहेत अशी जी तक्रार ऐकूं येते, तिचें मूळ दिव्यांत नसून वायरींत असतें. सांधे घांसून स्वच्छ करावेत, अर्थिंगची वायर नवी घालावी, जाड वायर वापरावी, आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंतचा मार्ग आखूड करण्यासाठीं रिले बसवावा. एवढ्यानेंच जुना दिवा तरुण होतो, आणि इतिहासाला धक्काही लागत नाहीं.

दुसरी पायरी दिवा बदलण्याची. येथें दैवानें एक मोठी सोय करून ठेविली आहे. जीपच्या दिव्याचें माप पुढेंही अनेक दशकें प्रचारांत राहिलें. त्यामुळें पत्रा न कापतां, नवीन भोंक न पाडतां, त्याच कड्यांत हॅलोजन बल्बाचा दिवा बसूं शकतो. एच-४ नांवाचा दोन तंतूंचा हॅलोजन बल्ब १९७१ पासून प्रचारांत आहे. त्यांतील डिपरच्या तंतूखालीं धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूस जाणारे किरण अडविते, म्हणून आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच प्रकाश पडतो आणि झोत रस्त्याकडे वळतो. प्रकाश किती, यापेक्षां तो कोठें पाडावयाचा आणि कोठें पाडावयाचा नाहीं, याचा विचार त्या वाटींत सांठविलेला आहे. दिवा घेतांना मात्र एक सावधगिरी बाळगावी. आपण डाव्या बाजूनें वाहन चालवितों, म्हणून डिपरचा झोत डाव्या कडेला किंचित् वर चढणारा असला पाहिजे. अमेरिकेसारख्या उजव्या बाजूनें चालणाऱ्या देशांसाठीं बनविलेला दिवा येथें लावला, तर तोच चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

तिसरी पायरी व्होल्टांची. वरच्याच हिशेबांत ९० वॅटांचे दिवे १२ व्होल्टांवर चालविले तर प्रवाह ७.५ अँपिअर होतो, वायरींत ०.३ व्होल्टच खर्च होतो, आणि उजेडाची घट आठ-नऊ टक्क्यांवर येते. यामुळें पुष्कळ मालक सबंध गाडी १२ व्होल्टांवर नेतात. तसें करावयाचें तर डायनॅमो, बॅटरी, कॉइल, हॉर्न, इंधनाचा कांटा व सर्व लहान बल्ब यांचा विचार एकदम करावा लागतो. एकटा दिवा बदलून भागत नाहीं. ज्यांना एवढी उलथापालथ नको त्यांच्यासाठीं ६ व्होल्टांचे हॅलोजन बल्बही मिळतात. पण डायनॅमो मंद गतींत फारसा प्रवाह देत नाहीं, म्हणून सिग्नलवर थांबलें असतां सारा भार बॅटरीवर पडतो हें विसरूं नये. शिवाय प्रत्येक लष्करी गाडी ६ व्होल्टांचीच असते असेंही नाहीं. १९५० च्या एम-३८ या लष्करी जीपची योजना २४ व्होल्टांची होती. यास्तव प्रथम गाडी ओळखावी, मग बाजाराची वाट धरावी.

चौथी पायरी सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत उपेक्षित. ती म्हणजे दिव्याची दिशा लावणें. सपाट जागीं, भिंतीपासून २५ फुटांवर, नेहमींचीं माणसें बसवून गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनें आंखावी, आणि डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या सुमारें तीन इंच खालीं येईल असे स्क्रू फिरवावेत. एक खडू, एक टेप आणि एक स्क्रूड्रायव्हर, एवढेंच काय तें साहित्य. पालकांना आठवत असेल कीं, पूर्वीं आपल्याकडे ट्रक व मोटारींच्या हेडलाइटच्या कांचेचा वरचा भाग काळ्या रंगानें रंगवीत असत. तो उपाय ओबडधोबड होता खरा, पण त्यामागची भावना सुसंस्कृत होती.

कायद्याचाही येथें थोडा उल्लेख केला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत असें म्हटलें आहे कीं, दिव्यापासून ८ मीटरांवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असलेला डोळा दिपूं नये अशा रीतीनें झोत खालीं वळविलेला असावा. म्हणजे नियम करणाऱ्यांनीं दिव्याचें मोजमाप समोरच्या मनुष्याच्या डोळ्यापासून घेतलें आहे. जुलै २०२१ मध्यें याच नियमांत जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुनें, खासगी वापराचें आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेलें वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येतें. ही नोंदणी दहा वर्षांची असते, आणि असें वाहन प्रदर्शन, संशोधन, मेळावे, इंधन भरणें व दुरुस्ती एवढ्यांसाठींच रस्त्यावर आणावयाचें असतें. म्हणून पत्रा कापून केलेल्या 'सुधारणा' नुसत्या अरसिक नव्हेत, तर मालकाच्या हिताच्याही नव्हेत. बदल असा असावा कीं तो एका दुपारीं काढून टाकतां यावा. काढलेला जुना दिवा, जुनी वायर व जुने नट एका पेटींत घालून, त्यांवर तारीख लिहून जपून ठेवावेत. पुढच्या पिढीला गाडी देतांना ती पेटीही द्यावी.

यावर कोणी म्हणेल, शहरांत सहस्रावधि नवीं वाहनें डोळे दिपवीत फिरत असतां बिचाऱ्या चार-दोन जुन्या जीपगाड्यांस उपदेश कां? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तरही सरळ आहे. नव्या मोटारीचा दिवा कारखान्याच्या आखणीप्रमाणें येतो. बहुतेकांनीं तो निवडलेला नसतो. परंतु जुन्या जीपचा मालक प्रत्येक वस्तु स्वतः निवडतो, हातानें बसवितो आणि लोकांना कौतुकानें दाखवितो. लहान मुलें थांबून ज्या गाडीकडे पाहतात तिच्या मालकावर एक जबाबदारी आपोआप येते. ज्याच्याकडे लोक पाहतात, त्यानें निदान त्यांना पाहूं तरी द्यावें!

आणि हा विचार केवळ जीपगाडीपुरता नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांना जुनी जीप कधींच लाभणार नाहीं. पण आज ना उद्यां प्रत्येकाच्या हातीं कसला तरी दिवा येईल. कोणाची दुचाकी असेल, कोणाची मोटार. त्या दिवशीं अप्परवरून डिपरवर येण्यासाठीं एका बोटाचें श्रम पुरतात. तें बोट हलविणें हें आमच्या मतें सुशिक्षितपणाचें एक लक्षण आहे. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें दुचाकीसाठीं प्रखर दिव्याचा हट्ट धरला तर त्याची किंमत विचारण्यापूर्वीं त्याची दिशा विचारावी. आणि ज्यांच्या मुली व मुलगे सायकलनें येतात त्यांनीं सायकलच्या मागें लाल परावर्तक व पुढें लहानसा दिवा आहे ना, हें आजच पाहावें. कारण दिसणें हा समोरच्याचा जसा धर्म, तसा आपलाही आहे.

सारांश, जुनी लष्करी जीप रस्त्यावर आणावयाची असेल तर तिचे दिवे सुधारलेच पाहिजेत; मंद दिव्यांनीं रात्रीं हिंडणें हें इतिहासप्रेम नसून निष्काळजीपणा आहे. परंतु ती सुधारणा गाडीच्या अंगाला न दुखविणारी आणि समोरच्याच्या डोळ्यांना न दुखविणारी असली पाहिजे. ज्या गाडीनें ऐन युद्धांत मागून येणाऱ्याला अंतर कळविण्याची दक्षता घेतली, त्याच गाडीनें शांततेच्या काळांत समोरून येणाऱ्याला आंधळें करावें, हें तिच्या इतिहासाला शोभणारें नाहीं. क्रांति चौकाच्या पुलावरून उतरतांना जिच्या दिव्यांत खड्डा वेळींच दिसतो, आणि जिच्यासमोरून येणाऱ्या सायकलस्वाराला डोळ्यांवर हात धरावा लागत नाहीं, ती जीप खरी जपलेली, असें आमचें मत आहे.